नावं ठेवा, पण शास्त्रोक्त!

नावं ठेवणं हा आपला आवडता उद्योग. शेजाऱ्यांच्या पडद्यांपासून लग्नातल्या जिलबीपर्यंत काहीही चालतं. पण दोस्तहो, रोज आपलं डोकं फिरवणाऱ्या बारीकसारीक गोष्टींना मात्र आपण खरीखुरी नावं ठेवतच नाही. नुसतं ‘श्शी, वैताग!’ म्हणतो नि पुढे जातो.

शास्त्रज्ञ बघा. आइस्क्रीमचा मोठा घास घेतल्यावर कपाळात जी कळ जाते ना, तिचं नाव ‘स्फीनोपॅलाटाइन गँग्लिओन्यूराल्जिया’. एवढं म्हणेपर्यंत कळ थांबते! अचानक उन्हात आलं की काहींना सटासट शिंका येतात. 1978 मध्ये डॉक्टरांनी त्याला असं लांबलचक नाव दिलं, की आद्याक्षरं जुळवली की होतं ‘ॲचू’. म्हणजे इंग्रजीतली शिंकच! आणि इअरफोनच्या वायरचा तो गुंता? 2007 साली सॅन डिएगोच्या दोन संशोधकांनी दोरीचे तुकडे डब्यात घालून हजारो वेळा फिरवले आणि दाखवून दिलं, की पुरेशी लांब दोरी हलली की काही सेकंदांत गाठी आपोआप पडतात. पुढच्याच वर्षी त्यांना इग नोबेल मिळालं. थोडक्यात, दोष तुमच्या वेंधळेपणाचा नाही, भौतिकशास्त्राचा आहे. आईला सांगून ठेवा.

आपल्याकडे तर शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकातलं भारदस्त मराठी फुकट पडून आहे. परासरण काय, उत्प्लावक बल काय... दहावीनंतर कोणी हात लावलाय त्यांना? वापरा की! लोकलमध्ये तिघांच्या बाकावर चौथे म्हणून टेकायचं, अर्धे आपण सीटवर नि अर्धे हवेत, या अवस्थेला म्हणा ‘चतुर्थासनी अर्धलंबन’. समोरून ‘टायपिंग...’ दिसतं, दिसतं आणि मग काहीच येत नाही, ते ‘टंकनोत्तर मौन’. (व्यक्ती खास असेल तर त्रासाची तीव्रता दुप्पट.) लिफ्टचं पेटलेलं बटण पुन्हा पुन्हा दाबणारा प्राणी म्हणजे ‘पुनर्दाबी’. सहा वाजता सगळे लॅपटॉप मिटत असताना ‘एकच छोटा डाऊट’ काढणाऱ्याला झालेला असतो ‘अंत्यप्रश्नज्वर’. हा भलताच संसर्गजन्य. एकाला झाला की आणखी दोघे हात वर करतात.

एक पथ्य मात्र पाळा. शब्दामागे नुसतं ‘फोबिया’ नाहीतर ‘आयटिस’ चिकटवून मोकळं होऊ नका. ‘मंडेफोबिया’, ‘बॉसायटिस’ हे सगळं शिळं झालं. नाव नेमकं हवं. ट्रॅफिक हा काही वैताग नव्हे, तो तर हवामानासारखा असतोच. खरा वैताग म्हणजे आपण लेन बदलल्या क्षणी आधीची लेन सुसाट सुटते, तो! त्याला ‘त्यक्तमार्गवेग’ म्हणा, बघा कसं बरं वाटतं.

नेमक्या नावाची ताकद आमच्या ऑफिसात दिसली. वाढदिवस कोणाचाही असो, केक कापून कागदी प्लेट्समध्ये वाटायचं काम टीममधल्या मुलींकडेच यायचं. तसं कोणी सांगायचं नाही हं. सुरी फक्त हळूच त्यांच्या दिशेला सरकायची. तक्रार तरी काय करणार? ‘केक वाटायला लावतात’ असं एचआरला सांगणारीच कटकटी ठरायची. मग एकदा त्यांच्यातलीच एक जण शांतपणे म्हणाली, “याला सुरीचं कन्याभिमुख विस्थापन म्हणतात.” सगळे हसून हसून बेजार.

पुढच्या वाढदिवसाला सुरी सरकायला लागली, आणि तिघी एका सुरात ओरडल्या, “विस्थापन!” सुरी जागच्या जागी थांबली. शेवटी सेल्सच्या साहेबांनी बाह्या सरसावून केक कापला. तुकडे असे की कोणाला नुसतं क्रीम, कोणाला नुसता स्पंज. पण वाटला त्यांनीच.

मीटिंगचे मिनिट्स लिहायचं काम अजून त्या तिघींकडेच येतंय. त्याचं नाव शोधणं चालू आहे.