आबांचा दाढीचा डबा

दोस्तांनो, 'वेड पांघरून पेडगावला जाणे' हा वाक्प्रचार तुम्ही व्याकरणाच्या पुस्तकात पाठ केलाच असेल. सगळं ठाऊक असताना काहीच ठाऊक नसल्याचं सोंग आणायचं, असा त्याचा अर्थ. म्हणीतलं पेडगाव म्हणजे अहिल्यानगर जिल्ह्यातलं, भीमेच्या काठचं, असं सांगतात. पण आणखी एक पेडगाव आहे, परभणी जिल्ह्यात. परभणीहून मनमाडकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर त्याचं छोटंसं स्टेशन लागतं. माझी ताई तिथं दिलेली आहे. दिवाळीत मी तिच्याकडे गेलो, आणि खरं सांगू? त्या घरात सगळेच वेड पांघरून बसले होते!

त्याचं असं झालं. माझा भाचा यंदा दहावीत आहे. त्याला मिसरूड फुटलंय, हनुवटीवर चार केस आलेत. ताईला दिसत होतं, दाजींना दिसत होतं, पण कुणी अवाक्षर काढत नव्हतं. पोरगा मात्र तोंडावर रुमाल धरून फिरायचा. भाऊबिजेच्या दिवशी सकाळी पाहतो, तर वरच्या ओठावर लालभडक रेघ!

"काय रे, हे काय?"

"काही नाही मामा, बाभळीचा काटा लागला."

बाभळीचा काटा आणि तो नेमका नाकाखाली? मी काही बोललो नाही. दुपारी शेताकडे जाताना गडी आपणच बोलता झाला. वर्गातली पोरं 'मिशीवाला' म्हणून चिडवतात. म्हणून त्यानं आबांच्या डब्यातलं जुनं पातं काढलं आणि गोठ्यामागं जाऊन, पाणी नाही, साबण नाही, तसंच कोरडं ओढलं होतं.

"अरे, पप्पांना का नाही विचारलंस?"

"लाज वाटते. आणि मला तो टीव्हीवरचा पाच पात्यांचा रेझर पाहिजे. त्याची किंमत कशी सांगू? कापसाचे पैसे अजून यायचेत."

संध्याकाळी मी आबांना, म्हणजे त्याच्या आजोबांना, हळूच सगळं सांगितलं. आबा काहीच बोलले नाहीत. आत गेले, आपला पत्र्याचा डबा घेऊन ओसरीवर बसले आणि नातवाला हाक मारली, "ये रे, बस इथं."

डब्यात काय काय होतं, ऐका. धातूचा एक रेझर, दाढीचा ब्रश, साबणाची गोल वडी, वाटी, तुरटीचा खडा, छोटा आरसा आणि पात्यांचं पाकीट. बस्स.

"माझ्या लहानपणी पारावर बसवून वस्तऱ्यानं दाढी करत," आबा सांगू लागले. "वस्तरा चामड्याच्या पट्ट्यावर घासून घासून धार लावायची. हात सराईत लागायचा. भारीतले वस्तरे जर्मनीचे."

ते खरंच आहे. जर्मनीतलं झोलिंगेन हे शहर चाकू, कात्र्या आणि वस्तऱ्यांसाठी फार जुन्या काळापासून प्रसिद्ध आहे. मी तसं म्हणताच आबा हसून म्हणाले, "मग! जगात जर्मनी, भारतात परभणी!"

आता या वस्तऱ्याचा रेझर कसा झाला, ती गंमत पाहू. अमेरिकेत किंग कॅम्प जिलेट नावाचा एक फिरता विक्रेता होता. त्याच्या मनात आलं, की वस्तऱ्याच्या एवढ्या जाड पोलादात काम करते ती फक्त धार. मग नुसती धारच का विकू नये? पातळ पातं वापरायचं, बोथट झालं की बदलायचं! पण इतक्या पातळ पोलादाला कडक धार येईना. विल्यम निकरसन या अभियंत्यानं ते जमवलं. १९०३ साली हे रेझर बाजारात आले, तेव्हा वर्षभरात विकले गेले किती? फक्त ५१! पुढं पहिल्या महायुद्धात ते अमेरिकन सैनिकांच्या हातात पडले आणि सगळीकडे पसरले.

जिलेटला १९०४ साली मिळालेल्या पेटंटची मुदत १९२१ मध्ये संपली. मग कुणालाही तशी पाती बनवायला मोकळीक झाली. पुढं मधल्या लांब खाचेचा आकार जगभर ठरून गेला. म्हणून आज टोपाझ घ्या, सेव्हन ओ'क्लॉक घ्या, नाही तर आणखी कुठलं दुधारी पातं घ्या, ते आबांच्या रेझरमध्ये बसतंच. आपल्या ठाण्यातही सुपरमॅक्सची पाती वर्षानुवर्षं बनत होती. पातं एकाचं, रेझर दुसऱ्याचा, तरी जमतं, आणि पुष्कळ जण बनवतात म्हणून स्वस्त मिळतं. पाच पात्यांच्या टीव्हीवाल्या रेझरचं तसं नसतं. त्याला त्याच कंपनीचं डोकं लागतं, आणि खरा खर्च त्या डोक्यांचा असतो.

आबांनी रेझर उघडून दाखवला. तीन तुकडे : वरची टोपी, खालची दातेरी पट्टी आणि मूठ. पातं जवळजवळ वहीच्या कागदाइतकं पातळ, म्हणजे सुमारे ०.१ मिलिमीटर. ते नुसतं धरलं तर लवतं. मूठ पिळली, की टोपीखाली ते किंचित वाकून घट्ट बसतं आणि धार तेवढी जराशी बाहेर राहते. वस्तऱ्याचं सगळं पातं उघडं असतं, इथं एवढीशी कड. म्हणून कापण्याची भीती कमी.

"पण आबा," भाचा म्हणाला, "केस तर एवढे मऊ. मग पातं बोथट का होतं?"

प्रश्न झकास होता! अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेच्या संशोधकांनी २०२० साली याचंच उत्तर प्रसिद्ध केलं. त्यांच्यातल्या एकानं स्वतःची दाढी करून ते पातं इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. केस पोलादाहून जवळपास ५० पट मऊ. तरीही धार नुसती झिजत नव्हती, तिचे बारीक टवके उडत होते! पोलाद आतून सगळीकडे सारखं नसतं. केस तिरपा पडला आणि धारेचा नेमका कच्चा कोपरा सापडला, की टवका उडतो.

मग उपाय? आबांच्या वाटीतलं पाणी! केस पाणी शोषतो आणि भिजला की मऊ पडतो. साबणाचा फेस ते पाणी केसाला धरून ठेवतो आणि पातं घसरतं ठेवतो. म्हणजे कोरडी दाढी केली, की ओठही फाटतो आणि पातंही बिघडतं.

पाण्यावरून एक खरी गोष्ट आठवली. जिलेट कंपनीनं भारतासाठी एक रेझर काढला होता. तो आधी तपासला कुणाकडून? अमेरिकेत एमआयटीत शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांकडून. त्यांना आवडला. पण इथं आल्यावर तो चालेना. का? तिथं प्रत्येकाच्या बेसिनला नळाचं वाहतं पाणी होतं. इथं माणूस मगभर पाणी घेऊन बसतो, आणि तेवढ्या पाण्यात पात्यांत अडकलेले केस निघत नव्हते. मग कंपनीची माणसं भारतात आली, घराघरांत जाऊन लोक दाढी कशी करतात ते तासन् तास पाहत बसली. त्यातून २०१० साली 'गार्ड' नावाचा साधा रेझर निघाला. एकच पातं, थोड्या पाण्यात धुता येणारा. तेव्हा त्याची किंमत होती १५ रुपये आणि वरचं डोकं मिळायचं ५ रुपयांना. म्हणजे पाहा, पाती पाच असली की रेझर आपल्या उपयोगाचा, असं नाही. आपण कसं वापरतो, त्यावर ते ठरतं.

दुसऱ्या दिवशी दाजी स्वतः भाच्याला घेऊन किराणा दुकानात गेले. मीही मागोमाग. दाढीचा ब्रश, क्रीमची छोटी ट्यूब, पात्यांचं पाकीट आणि तुरटी. दोनशेच्या नोटेतून पैसे परत आले. रेझर आबांचा, उकळत्या पाण्यात घालून स्वच्छ केलेला.

मग ओसरीवर शाळा भरली! आंघोळीनंतर केस मऊ असतात, तेव्हा दाढी करायची. फेस गोल गोल फिरवून लावायचा. केस ज्या दिशेनं वाढतात त्याच दिशेनं रेझर न्यायचा. "दाबायचं नाही," आबा म्हणाले, "रेझरचं वजनच काम करतं." शेवटी गार पाणी आणि तुरटी. बारीक कापलं असेल तर तुरटीनं तिथलं रक्त थांबतं. सगळ्याला पाणी लागलं तांब्याभर.

आणि दोन गोष्टी आबांनी दरडावून सांगितल्या. दुसऱ्याचं वापरलेलं पातं कधीही वापरायचं नाही, मग तो आजोबा असो की मित्र. रक्ताचा न दिसणारा थेंबही हेपॅटायटिस बीसारखा आजार देऊ शकतो. सलूनमध्येही आपल्यासमोर नवं पातं लावायला सांगावं. दुसरं, जुनं पातं उकिरड्यावर टाकायचं नाही. तिथं गुरं तोंड घालतात, पोरं अनवाणी फिरतात, कचरा वेचणारे हात घालतात. पत्र्याच्या डब्याच्या झाकणाला चीर पाडून पाती आत टाकावीत. डबा भरला की चिकटपट्टी लावून, वर 'पाती आहेत' असं लिहून वेगळा द्यावा.

"आबा, दाढी केली की केस जाड येतात म्हणे?" भाच्याची शेवटची शंका. नाही रे बाबा! केसाचं मूळ कातडीच्या आत असतं, पातं तिथवर पोचतच नाही. कापलेलं टोक बोथट असतं, म्हणून हाताला खरखरीत लागतं, एवढंच. आणि दाढी केलीच पाहिजे असंही नाही. ठेवावीशी वाटली तर मिशी खुशाल ठेवावी!

मी निघालो तेव्हा दाजी स्टेशनवर सोडायला आले होते. गाडीची वाट पाहता पाहता म्हणाले, "मला दिसत होतं हो. पण कसं बोलावं, तेच सुचेना. मलाही कुणी शिकवलं नव्हतं."

आईबाबांनो, हे तुमच्यासाठी. मुलगा आरशासमोर जास्त रेंगाळू लागला, तर वेड पांघरून पेडगावला जाऊ नका. त्याला हाक मारा, शेजारी बसवा. आणि मुलांनो, तुम्हीही बाभळीच्या काट्याचं नाव सांगू नका. सरळ विचारा. उत्तर बहुतेक घरातल्याच एखाद्या पत्र्याच्या डब्यात असतं.

बरंय तर, भेटू पुढच्या आठवड्यात!