उधारीचा हिशेब, एका फाइलमध्ये

फ्रीलान्सरचे जॉब दोन असतात, बॉस. एक लिहिण्याचा आणि दुसरा लिहिलेल्याचे पैसे मागण्याचा. दुसरा जास्त क्रिएटिव्ह! अकाउंट्समधल्या मॅडम गोड आवाजात विचारतात, "कुठलं बिल म्हणताय?" तेव्हा तारीख, रक्कम, किती दिवस थकले, सगळं तोंडावर हवं.

म्हणून सध्या मी एसक्यूलाइटच्या प्रेमात आहे. डेटाबेस म्हटलं की सर्व्हर, पासवर्ड, एसी रूम असला जामानिमा आठवतो ना? इथे तसलं काही नाही. अख्खा डेटाबेस म्हणजे एकच फाइल. रिचर्ड हिप हा अमेरिकन प्रोग्रॅमर युद्धनौकेवरच्या एका सॉफ्टवेअरवर काम करत होता. डेटाबेसचा सर्व्हर बसला की त्याचा प्रोग्रॅमही बसायचा. मग सर्व्हरच नको, म्हणत त्याने 2000 मध्ये हा प्रकार आणला. फुकट, आणि कॉपीराइटही नाही. तुमचा फोन अँड्रॉइड असो की आयफोन, त्यातही तो आहेच.

पायथॉनमध्ये तर तो 2006 पासून आतच येतो. एका ओळीत इम्पोर्ट, दुसरीत फाइल उघडा. नसेल तर ती आपोआप तयार होते. मी दोन टेबलं केली, क्लायंट आणि बिलं. तारखेसाठी वेगळा टाइप नाही, पण आधी वर्ष, मग महिना, मग दिवस असं लिहिलं की दिवसांची वजाबाकी तोच करतो. मग विचारलं, साठ दिवसांवर कोण थकलंय? सगळ्यात वर निघाला तो दर दिवाळीला मिठाई पाठवणारा क्लायंट. 143 दिवस! गोड माणसांचा हिशेब आपण मनात ठेवतच नाही ना.

दोन गोष्टी मात्र पक्क्या लक्षात ठेवा. डिसोझा हे आडनाव इंग्रजीत लिहिताना मध्ये वरचा स्वल्पविराम येतो. नाव थेट क्वेरीत चिकटवलं, तर मजकूर तिथेच संपला असं समजून ती कोलमडते. त्यामुळे क्वेरीत प्रश्नचिन्ह ठेवायचं आणि नाव वेगळं द्यायचं. हॅकर मंडळींची एक नेहमीची वाटही त्यामुळे बंद होते. दुसरी गोष्ट, कमिट. एन्ट्री टाकली आणि कमिट न करता कनेक्शन बंद केलं, की एन्ट्री गायब. स्लिप भरून काउंटरवर न देताच बँकेतून घरी आल्यासारखं.

ऑफिसातले दहा जण एकदमच नोंदी करणार असतील तर हा गडी नको, कारण एका वेळी एकालाच लिहू देतो. माझ्या ऑफिसात मी एकटीच. बॅकअपसाठी रात्री प्रोग्रॅम बंद करायचा आणि ती फाइल पेनड्राइव्हवर टाकायची, बस्स.