पांढरा पामेरियन घरी आणताय?



वार्षिक परीक्षा संपल्या की बऱ्याच घरांत एक हट्ट हमखास सुरू होतो. "आई, आपण एक कुत्रा आणू या ना!" आणि तो कसा हवा? तर पांढरा शुभ्र, केसाळ, टोकदार कानांचा, शेपटीचा झुबका पाठीवर टाकून मिरवणारा. बाबा पेपरातून डोकं न काढता "आणू या की" म्हणतात. मुलं नाव ठरवून मोकळी होतात. सासूबाई देवघराचं काय, एवढंच विचारतात. एक प्रश्न मात्र कुणीच विचारत नाही. त्याचं करायचं कुणी?

उत्तर तुम्हाला-मला ठाऊक आहे. म्हणूनच आजचा लेख कुत्रा हवा म्हणणाऱ्यांसाठी नाही, होकार द्यायच्या आधी विचार करणाऱ्या गृहिणीसाठी आहे.

नाव पामेरियन, पण जात कोणती?

गंमत अशी की, आपल्याकडे ज्याला सरसकट पामेरियन म्हणतात, तो बहुतेक वेळा खरा पामेरियन नसतोच. खरा पामेरियन म्हणजे जेमतेम दीड ते सव्वातीन किलो वजनाचा जीव. बाल्टिक समुद्राच्या दक्षिण किनाऱ्यावर पोमेरेनिया नावाचा प्रांत आहे. आज तो पोलंड आणि जर्मनी यांच्यात विभागलेला आहे. त्यावरून हे नाव पडलं. त्याचे पूर्वज चांगले मोठ्या चणीचे होते. इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीनं १८८८ साली इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरातून मार्को नावाचा एक छोटा पामेरियन आणला, आणि तिथपासून लहान चणीच्या कुत्र्यांची आवड वाढली. या राणीचं पामेरियनवर इतकं प्रेम होतं की, जानेवारी १९०१ मध्ये ती मृत्युशय्येवर असताना तिची लाडकी तुरी तिच्या बिछान्यात होती.

आपल्या गावाशहरांतून दिसतो तो इंडियन स्पिट्झ. "स्पिट्झ" या जर्मन शब्दाचा अर्थ टोकदार. ब्रिटिशांनी आपल्याबरोबर जर्मन स्पिट्झ जातीचे कुत्रे आणले, त्यांची पैदास इथे झाली आणि पिढ्यान्‌पिढ्या इथल्या हवेला सरावत गेलेली ही जात तयार झाली. लहान प्रकाराचं वजन पाच ते सात किलो भरतं. मोठा प्रकार बारा किलोंच्या पुढे जातो. पामेरियनपेक्षा याचं तोंड लांबट, कान मोठे आणि पाय उंच. १९८०-९० च्या दशकांत परदेशी जातीचे कुत्रे आयात करण्यावर बंधनं होती, तेव्हा मध्यमवर्गीय घरांत यालाच मान होता. मग १९९४ साली 'हम आपके हैं कौन'मधल्या टफीनं तर कमालच केली! माधुरीनं दिलेली चिठ्ठी सलमानऐवजी थोरल्या भावाकडे नेऊन पोचवणारा तो पांढरा टफी इंडियन स्पिट्झच होता.

हे सगळं सांगायचं कारण व्यवहाराचं आहे. पामेरियनच्या नावानं आणि पामेरियनच्या किमतीला स्पिट्झचं पिल्लू घेतलं जातं, आणि सहा महिन्यांनी "हा एवढा कसा वाढला?" म्हणून घरात कुरकुर सुरू होते. स्पिट्झ काही कमी प्रतीचा नाही. उलट आपल्या उन्हाळ्यात तो अधिक टिकाव धरतो. फक्त आपण काय घेतोय, ते समजून घ्यावं.

पिल्लू घेताना त्याची आई पाहायचा आग्रह धरा. आई दाखवायला टाळाटाळ होत असेल, तर तिथून सरळ परत या. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला २०१७ च्या केंद्रीय नियमांनी बंदी आहे, आणि ती योग्यच आहे. आईपासून लवकर तोडलेलं पिल्लू पुढे भित्रं किंवा चावरं होण्याची भीती असते.

स्वभाव

स्पिट्झ हुशार, चपळ आणि माणसांचा लोभी. घरातल्या एकाला तो आपलं माणूस मानतो, आणि ते माणूस बहुधा स्वयंपाकघरात सापडतं! पण तो भुंकतो. बेल वाजली, लिफ्टचं दार वाजलं, समोरच्यांकडे दूधवाला आला, की भुंकतो. राखण करणं त्याच्या रक्तात आहे. भिंतीला भिंत लागून शेजार असेल, तर याचा विचार आधीच करा. भुंकल्यावर आपणही ओरडलो, तर त्याला वाटतं आपण त्याला साथच देतोय. मारून तर काहीच साधत नाही. गप्प बसल्याक्षणी शाबासकी आणि खाऊ, असं रोज न चुकता केलं की फरक पडतो. मी अर्धवेळ शिक्षिका आहे, त्यामुळे एवढं खात्रीनं सांगते: नियम घरातल्या सगळ्यांचा एकच हवा. आईनं "नाही" म्हणायचं आणि बाबांनी ताटातला तुकडा टाकायचा, अशानं मूलही शिकत नाही आणि कुत्राही.

लहान मुलं असतील, तर त्यांनी कुत्र्याला जमिनीवर बसूनच मांडीवर घ्यावं. याची हाडं नाजूक असतात; कडेवरून निसटला तर पाय मोडतो. तो जेवत असताना, झोपलेला असताना त्याला हात लावायचा नाही, हा धडा कुत्रा यायच्या आधी मुलांना द्यावा.

रोजची काळजी

केस: याच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. वरचे लांब, आतले मऊ, लोकरीसारखे. उन्हाळ्यात त्याला बरं वाटावं म्हणून पुष्कळजणी सगळे केस काढून टाकतात. कृपा करून तसं करू नका. हेच केस उन्हापासून त्याचं रक्षण करतात, आणि मुळापासून कापले तर कधीकधी पुन्हा नीट येतही नाहीत. आठवड्यातून दोन-तीनदा कंगवा करून आतले गळालेले केस काढावेत, तीच त्याची खरी थंडाई. कंगवा करतानाच कानामागे, बोटांच्या बेचक्यांत, मानेखाली गोचीड आहे का ते पाहावं. गोचिडीमुळे येणारा ताप कुत्र्याच्या जिवावर बेतू शकतो.

आंघोळ: तीन-चार आठवड्यांतून एकदा पुरे. आपला साबण-शॅम्पू नको, त्याची कातडी कोरडी पडते. जंतुनाशक म्हणून पाण्यात फिनेल तर चुकूनही घालू नका. तो अंग चाटतो, आणि ते पोटात जातं. आंघोळीनंतर मुळापर्यंत केस कोरडे करणं फार महत्त्वाचं, पावसाळ्यात तर फारच. ओलसर राहिलं की कातडीला खाज आणि बुरशी धरते. डोळ्यांखाली तांबूस डाग पडतात, ते उकळून गार केलेल्या पाण्यात कापूस बुडवून रोज हलक्या हातानं पुसावेत.

खाणं: आपल्याकडची ठरलेली रीत म्हणजे दूध-पोळी. त्यानं पोट भरतं, पण पोषण होत नाही, आणि मोठ्या कुत्र्यांपैकी अनेकांना दूध पचतही नाही. भाताबरोबर उकडलेलं अंडं किंवा हाडं काढलेलं, बिनमसाल्याचं कोंबडीचं मटण, थोडं दही, उकडलेला लाल भोपळा किंवा गाजर, असं द्यावं. तयार खाणं देत असाल, तर पाकिटावरच्या मापानं द्या. घर शाकाहारी असेल तर डॉक्टरांना विचारून आहार ठरवा.

आता हे लक्षपूर्वक वाचा, आणि घरातल्या आजीलाही वाचून दाखवा. चॉकलेट, कांदा, लसूण, द्राक्षं आणि मनुका-बेदाणे कुत्र्याला विषारी आहेत. म्हणजे उरलेली आमटी, रस्सा आणि बेदाणे घातलेला प्रसादाचा शिरा, तिन्ही बाद! शिजवलेली हाडं मोडून त्यांच्या टोकदार काड्या होतात आणि आतड्यात रुततात. तळलेलं आणि तुपकट खाणंही नको. प्रेमानं भरवलेला लाडू त्याला दवाखान्यात नेऊ शकतो.

फिरवणं: उन्हाळ्यात सकाळी लवकर आणि संध्याकाळी उशिरा. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो धापा टाकून अंग थंड करतो. डांबरी रस्त्यावर आपला हात टेकवून पाहा. आपल्याला चटका बसला, तर त्याच्या पायांनाही बसतो. गळ्याच्या पट्ट्याऐवजी छातीभोवतीचा पट्टा वापरा. या लहान जातींची श्वासनलिका नाजूक असते. ओढाताणीनं ती आणखी दुखावते आणि घोगरा, ठसका लागल्यासारखा खोकला जडतो.

दात: यांच्या दातांवर लवकर किटण चढतं. कुत्र्यांसाठी मिळणारी पेस्ट लावून मऊ ब्रशानं दात घासायची सवय पिल्लू असल्यापासूनच लावा. आपली पेस्ट मात्र वापरायची नाही, कारण ती तो गिळणार.

मादी असेल तर

हा भाग मी मुद्दाम वेगळा लिहिते आहे, कारण यावर आपल्या घरांतून कुणी मोकळेपणी बोलत नाही. मादी साधारण सहा-सात महिन्यांनी माजावर येते. पिल्लं नको असतील, तर आपण तिला कोंडून ठेवतो आणि काम झालं असं समजतो. आमच्या गल्लीतल्या एका काकूंची कुत्री नऊ वर्षांची होती. माज होऊन गेला आणि चार-पाच आठवड्यांनी ती सारखी पाणी पिऊ लागली, जेवेना. एप्रिल महिना, सगळ्यांना वाटलं उन्हाळ्यामुळे असेल. पोट फुगल्यावर डॉक्टरांकडे नेलं, तेव्हा कळलं की गर्भाशयात पू झाला आहे. त्याच दिवशी शस्त्रक्रिया करावी लागली. आठ दिवस काकू तिच्याजवळ जमिनीवर झोपल्या. कुत्री वाचली; पण आणखी एक दिवस गेला असता तर हाती लागली नसती, असं डॉक्टर म्हणाले.

न विणाऱ्या, वय झालेल्या माद्यांत हा आजार पुष्कळ आढळतो. नसबंदी केली की ही भीती जवळजवळ उरत नाही. तेव्हा "मुक्या जिवाला कशाला कापायचं" असं न म्हणता, ती कधी करावी हे डॉक्टरांना वेळीच विचारा. आणि माजानंतरच्या दोन महिन्यांत तहान वाढली, अन्न सुटलं, उलट्या झाल्या किंवा अंगावरून जाऊ लागलं, तर वाट पाहू नका.

लस चुकवू नका

पिल्लू सहा ते आठ आठवड्यांचं झालं की पार्वो आणि डिस्टेंपर यांची लस सुरू होते, आणि ती चार महिन्यांचं होईपर्यंत तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं पुन्हा द्यावी लागते. पार्वोत उलट्या आणि रक्ताचे जुलाब होतात, आणि पिल्लू दोन-तीन दिवसांत दगावू शकतं. तिसऱ्या महिन्यात रेबीजची लस, आणि नंतर डॉक्टर सांगतील त्या तारखांना. जंताचं औषधही त्यांच्याच सल्ल्यानं.

"आमचा घरातलाच आहे, त्याला कसलं रेबीज?" हे वाक्य मनातून काढून टाका. रेबीजची लक्षणं दिसू लागली की माणूस वाचणं जवळपास अशक्य असतं. कोणताही कुत्रा, अगदी पिल्लूसुद्धा, चावला किंवा नुसता ओरखडा उठला, तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवावी. हळद, चुना, तिखट काही लावू नये. आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

आता हिशेब करा

हा कुत्रा साधारण बारा ते चौदा वर्षं जगतो. आज हट्ट करणारा तुमचा पाचवीतला मुलगा तोवर नोकरीला लागलेला असेल, मुलगी कदाचित दुसऱ्या गावी असेल. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला, ऐकू कमी येणारा तो म्हातारा जीव मात्र तुमच्याच पायांशी असणार आहे. हौस फिटली म्हणून याला रस्त्यावर सोडून देणारेही लोक आहेत. घरात वाढलेला स्पिट्झ रस्त्यावर फार दिवस काढू शकत नाही.

म्हणून होकार देण्यापूर्वी एक कागद घ्या. सकाळचं फिरवणं, संध्याकाळचं फिरवणं, खाणं, कंगवा, आंघोळ, लशीच्या तारखा, दवाखान्याचा खर्च, आणि सगळे गावाला गेले तर त्याच्याजवळ कोण, अशी कामं लिहा. प्रत्येकापुढे घरातल्या एकेकाला स्वतःच्या हातानं नाव लिहायला सांगा. सगळ्यांपुढे तुमचंच नाव आलं, आणि तुमच्या मनात ते नसेल, तर शांतपणे "नाही" म्हणा. त्यात वाईटपणा काही नाही. अर्ध्या मनानं आणलेल्या जिवाचे हाल होतात, आणि करणारीचेही.

पण कागदाकडे पाहून तुम्हालाच वाटलं, की दुपारच्या रिकाम्या घरात आपल्यामागून या खोलीतून त्या खोलीत फिरणारं कुणीतरी आपल्यालाही हवं आहे, तर तेही घरात स्पष्ट सांगा. मुलांच्या हट्टासाठी नव्हे, स्वतःसाठी आणा. मग त्याचं नावही तुम्हीच ठेवा.