सागप, रेमध आणि ‘उपयोग काय?’



आपल्या घरांतली मुलगी नऊ-दहा वर्षांची झाली की गाण्याच्या नाहीतर सतारीच्या क्लासला जाते. गांधर्व मंडळाची प्रारंभिक होते, प्रवेशिका होते, प्रमाणपत्रं फाइलीत लागतात. मग लग्न ठरतं आणि सतार गवसणीत घालून माळ्यावर जाते. तीच बाई चाळिशीनंतर सतार खाली काढते तेव्हा घरचे, शेजारचे सगळे एकच विचारतात, “आता याचा उपयोग काय?”

हा प्रश्नच मला पटत नाही.

मी इथे बाळापुरात रोज संध्याकाळी सतार घेऊन बसते. सध्या तीन-तीन स्वरांचा पलटा चालू आहे. सागप, रेमध, गपनी, मधसां. चढायचं, उतरायचं. आधी संथ, हात बसला की दुप्पट. ऐकणाऱ्याला त्यात ना राग सापडतो ना बंदिश. सासूबाई म्हणतात, “तेच तेच काय गं वाजवतेस?” त्यांचंही खरंच आहे, ते तेच तेच असतं.

पण पाहा, लांब क्युबा बेटावर त्रेस नावाचं गिटारसारखं वाद्य आहे. त्याला तारांच्या तीन जोड्या असतात. त्या बहुधा प, सा, ग अशा नात्यात लावतात, म्हणजे मोकळ्या तारा छेडल्या तरी आपलेच सा-ग-प ऐकू येतात! एकत्र वाजणारे असे स्वर एकामागून एक सुटे छेडले की त्याला आर्पेजिओ म्हणतात. तिथल्या ‘सोन’ या गाण्याच्या प्रकारात त्रेस वाजवणारा अशा सुट्या स्वरांची एक छोटी ओळ पुन्हा पुन्हा वाजवत राहतो, आणि गाणारे त्या आधारावर गातात. १९११ साली जन्मलेले आर्सेनियो रोद्रिगेस यांची दृष्टी लहानपणीच गेली, तरी त्रेसच्या थोर वादकांत त्यांचं नाव घेतात. पाहायला डोळे नसताना तारेवरची जागा बोटांनीच ओळखायची, आणि ती ओळख रोजच्या हातानेच होते.

आपल्याला हे कुणी नव्याने सांगायला नको. नवकाराची माळ आपण रोज फेरतो. १०८ वेळा तेच शब्द, तरी “यात नवीन काय?” असं कुणी विचारत नाही. सामायिकाची ४८ मिनिटं घरातले सगळे सांभाळतात, हाक मारत नाहीत. मग पलट्याची वीस मिनिटं सांभाळायला काय हरकत आहे? सूर्यास्ताआधी जेवणं आटोपणाऱ्या घरात ओटा लवकर आवरतो. इतरांच्या पोळ्या चालू असतात तेव्हा आपल्याकडे निवांत वेळ असतो. तो मालिकांना देता येतो, तसा सतारीलाही देता येतो.

एक प्रश्न मात्र जरूर विचारा, तो दुकानात. सतारीच्या तारा ज्या घोडीवर टेकतात ती पूर्वापार सांबरशिंगाची किंवा हाडाची करत. आता लाकडाची आणि कृत्रिम पदार्थाचीही मिळते. मिरजेच्या सतारीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिथून मागवा किंवा आणखी कुठून, घोडी कशाची आहे ते आधी विचारून घ्या. भोपळा, लाकूड आणि तार यांना आपली हरकत नाही.

राहिला उपयोगाचा प्रश्न. मला मैफल करायची नाही, परीक्षाही द्यायची नाही. दिवसभर माझ्या हातून जे होतं ते रात्रीपर्यंत संपतं. पोळ्या खाल्ल्या जातात, घडी केलेले कपडे पुन्हा धुण्यात पडतात. सागप मात्र काल जिथे अडखळत होतं तिथे आज अडखळत नाही. ते माझ्याजवळ राहतं. एवढा उपयोग मला पुरे आहे.

म्हणून माझं मत असं, की मुलीला लग्नात भांडीकुंडी देता तशी तिची सतारही सोबत द्या. आणि सुनेने ती खाली काढली तर तिची वीस मिनिटं होईपर्यंत चहा कुणीतरी दुसऱ्याने ठेवावा.