समुद्रातला वारा आणि आपली मोटार

शेतकरी बंधूंनो, साताऱ्याच्या वनकुसवडे पठारावरच्या पवनचक्क्या तुम्ही पाहिल्या असतील. तशाच आता समुद्रातही उभ्या राहतात. डेन्मार्कने १९९१ साली विंडेबी येथे ११ पवनचक्क्यांनी सुरुवात केली. साऱ्यांची मिळून क्षमता सुमारे ५ मेगावॅट. आज समुद्रातली एकटी पवनचक्की त्याहून मोठी असते.

याचा आपल्याशी काय संबंध? सौरऊर्जेमुळे मोटारीला दिवसा वीज मिळू शकते. पण सूर्य मावळला की काम थांबते, आणि पावसाळ्यात ढग आडवे येतात. समुद्रावरचा वारा मात्र रात्रीही वाहतो, अन् पश्चिम किनाऱ्यावर त्याचा जोर पावसाळ्यातच जास्त. म्हणजे ही दोघं एकमेकांची उणीव भरून काढणारी. संध्याकाळचे दिवे, पिठाची गिरणी, दूध थंड ठेवणे यांना अशा विजेचा आधार होईल.

अडचण खर्चाची. समुद्रात पाया घालणे आणि तळातून केबल आणणे महाग पडते. म्हणूनच केंद्राने जून २०२४ मध्ये गुजरात व तामिळनाडूतील प्रत्येकी ५०० मेगावॅटसाठी मिळून ७,४५३ कोटींची योजना मंजूर केली. त्यात आपला किनारा नाही.

तेव्हा त्या वाऱ्याची वाट पाहत रात्री विंचूकाट्यात पाणी धरत बसू नका. सरपंच व ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेसाठी जागेचा विषय येत्या ग्रामसभेत घ्यावा. समुद्राची वीज येईल तेव्हा येईल. ऊन तर आजच शिवारात पडलंय!