शाळा लवकर सुटते, थोरली घरी राहते

दोन वर्षांपूर्वीच्या जुलैमधली गोष्ट. सकाळी साडेनऊला शाळेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर निरोप आला. आज शिक्षण परिषद असल्यामुळे शाळा साडेअकराला सुटेल, पालकांनी नोंद घ्यावी. त्या वेळी माझी आपा लोणावळ्यातल्या एका बंगल्यात स्वयंपाक करत होती. मोबाईल पिशवीत आणि पिशवी खुंटीला. दुल्हेभाई तळेगाव एमआयडीसीत पहिल्या पाळीला. शेजारपाजारची सगळी माणसं भातलावणीला, गुडघाभर चिखलात. नोंद घ्यायला घरी होतं कोण?

भाचा तेव्हा तिसरीत. दप्तर ओट्यावर फेकून तो दोन मित्रांबरोबर खेकडे धरायला गेला. आमचं वडिवळे म्हणजे नाणे मावळ. धरणाचं पाणी, ओढे, शेवाळलेले दगड आणि जुलैचा पाऊस. दुपारी दोन वाजता एका गुराख्याने तिघांना पाण्याच्या कडेवरून उठवलं आणि काठीने हाकत वाडीत आणून सोडलं. काही झालं नाही, अल्लाहचा शुक्र. पण काही झालं नाही म्हणूनच कुणी कुणाला काही विचारलंही नाही.

शाळेचं नाव मी लिहिणार नाही. दोष त्या एका शाळेचा नाहीच. अर्ध्या दिवसाचा हा प्रकार इतका अंगवळणी पडला आहे की त्यात कुणाचं काही जातं, हेच आपण विसरलो आहोत. म्हणून आज हिशोब मांडतो.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण आपल्या मोहल्ल्यात हा विषय निघाला की पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "मास्तर लोकांना सुट्टीच पाहिजे." हे मला मान्य नाही. शिक्षण परिषद म्हणजे सुट्टी नव्हे. केंद्रातल्या दहाबारा शाळांचे शिक्षक महिन्यातून एकदा एकत्र बसतात, आपल्या अडचणी मांडतात, एकमेकांकडून शिकतात. कल्पना चांगलीच आहे. त्यात २०१९ च्या ऑगस्टमध्ये 'निष्ठा' प्रशिक्षण सुरू झालं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रत्येक शिक्षकाला वर्षाला किमान ५० तासांचं प्रशिक्षण सांगितलं. डॉक्टरने नवं शिकायला हवं तसं शिक्षकानेही शिकायला हवं. सावित्रीबाईंनीसुद्धा शिकवण्याचं रीतसर प्रशिक्षण घेतलं होतं, त्यासाठी अहमदनगरला मिस फरारबाईंकडे गेल्या होत्या. प्रशिक्षणाला विरोध करणारा माणूस मुलांचा मित्र असू शकत नाही.

माझा सवाल एवढाच आहे की या प्रशिक्षणाची किंमत कोण मोजतं?

सरकार म्हणेल, आम्ही मोजतो. साधनव्यक्ती, छापील घटकसंच, चहा-नाश्ता, सगळं आम्हीच देतो. खरं आहे. पण एक खर्च कुठल्याच अंदाजपत्रकात येत नाही. साडेअकरा ते पाच या वेळात ती मुलं कुणाची? शाळेची नाहीत, कारण शाळेला कुलूप आहे. आईबापांची नाहीत, ते कामावर आहेत. आमच्याकडे अरबी शिकवायला हाफिजसाब येतात तेही असरनंतर. मधले साडेपाच तास मुलं पाण्याची, रस्त्याची आणि मोबाईलची.

पुण्यात हा प्रश्न पैशाने सुटतो. पाळणाघर असतं, सोसायटीत आजी-आजोबा असतात, आई घरून काम करते. आपाने काय करावं? निरोप वेळेवर वाचला तरी लोणावळ्याहून दुपारच्या विरळ लोकलने कामशेत, तिथून जीप भरेपर्यंत थांबायचं, मग घर. पोहोचेपर्यंत दोन-अडीच. आणि त्या दिवसाचा पगार कापला जातो तो वेगळाच. रोजंदारीवरच्या बाईला अर्धा दिवस नावाची चीज नसते. तिचा अर्धा दिवस गेला म्हणजे पूर्ण दिवस गेला.

मग आपाने तोडगा काढला. हा तोडगा सांगण्यासाठीच मी हा लेख लिहितो आहे. धाकट्याची शाळा लवकर सुटणार असेल त्या दिवशी थोरलीने घरी राहायचं. माझी भाची आज नववीत आहे, रोज कामशेतला जाते. शाळेने सुधारणा केली, निरोप आता आदल्या रात्री येतो. निरोप आला की भाची गपचूप दप्तर बाजूला ठेवते. गेल्या वर्षी जून ते मार्च असे तिचे अकरा दिवस गेले. आपाने कॅलेंडरवर खुणा करून ठेवल्या आहेत. मी विचारलं, खुणा कशाला? म्हणाली, "तू एवढं लिहितोस, हे कधी लिहिणार?"

आता कागदावर काय दिसतं ते बघा. धाकट्याच्या शाळेत त्या दिवशी हजेरी पूर्ण. परिषदेचा अहवाल पूर्ण, फोटोही अपलोड. आणि कामशेतच्या हजेरीपटावर एका मुस्लिम मुलीच्या नावापुढे अकरा गैरहजेऱ्या. उद्या कुणी साहेब तो हजेरीपट बघेल आणि मान हलवत म्हणेल, या समाजाला मुलींच्या शिक्षणाची आस्थाच नाही. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालात म्हटलं आहे की ६ ते १४ वयोगटातली २५ टक्के मुस्लिम मुलं एकतर शाळेत गेलीच नव्हती किंवा मधूनच गळली होती. गळती एका दिवसात होत नाही. ती अशीच होते, आज एक दिवस, पुढच्या महिन्यात दोन. गणिताचा एक धडा बुडतो, मग त्याच्या पुढचा कळत नाही, मग दहावीत गणित राहतं, मग स्थळ येतं. आणि हे एकट्या आपल्याच घरांत होतं असं समजू नका. शेजारच्या ठाकरवाडीत, कातकरी वस्तीवर थोरल्या बहिणीची हीच कथा आहे. फरक नावापुरता.

आणखी एक हिशोब पोटाचा. सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ ला आदेश दिला तेव्हापासून शाळेतलं शिजवलेलं जेवण हा मुलांचा हक्क आहे. साडेअकराला शाळा सुटते त्या दिवशी खिचडी कधी शिजणार? कुठे घाईघाईने वाढतात, कुठे राहून जाते. ज्या घरात दुपारी चूल पेटत नाही तिथल्या मुलाला हा फरक सांगावा लागत नाही.

यावर उत्तर येतं की दुसरा इलाज नाही, प्रशिक्षण शाळेच्या वेळेतच घ्यावं लागतं. खरंच? २००९ चा शिक्षण हक्क कायदा उघडा. पहिली ते पाचवीला वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास शिकवणं, सहावी ते आठवीला २२० दिवस आणि १००० तास. आणि शिक्षकासाठी आठवड्याला किमान ४५ तास काम, त्यात तयारीचा वेळ धरून. म्हणजे मुलं समोर नसतानाही शिक्षकाच्या कामाचे तास कायद्याने मोजलेले आहेत. धोरणातले ५० तास म्हणजे ४५ तासांच्या हिशोबाने वर्षातला एका आठवड्याहून जरासा जास्त वेळ. तो वेळ मुलांच्या तासांतूनच का कापायचा?

शिक्षक मित्र म्हणतील, तयारीचा वेळ तरी कुठे उरतो? निवडणुकीची यादी, पोषण आहाराच्या नोंदी, लिंक भरा, फोटो टाका. तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. "आम्हाला शिकवू द्या" ही हाक तुम्ही दिलीत तेव्हा पालकांनी तुमच्या बाजूला उभं राहायला हवं होतं, आम्ही राहिलो नाही. कायद्याच्या कलम २७ प्रमाणे जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून शिक्षकाला अशैक्षणिक काम देता येत नाही. म्हणजे तुमचा वेळ सरकारने खाल्ला आणि त्याची भरपाई मुलांच्या वेळेतून केली. तुमचं आणि आपाचं भांडण नाहीच. दोघांचाही वेळ फुकट आहे असं समजणाऱ्या व्यवस्थेशी भांडण आहे.

मागण्या साध्या आहेत. परिषदेच्या वर्षभराच्या तारखा जूनमध्येच फळ्यावर लागाव्यात. जेवण झाल्याशिवाय एकही मूल घरी जाऊ नये. साठ पटापर्यंतच्या शाळेत कायद्याने दोन शिक्षक असतात. दोघांना एकाच दिवशी बोलावू नका, आळीपाळीने बोलावा. तेही जमत नसेल तर नेहमीच्या वेळेपर्यंत शाळा उघडी ठेवा आणि मुलांजवळ बसायला गावातली शिकलेली मुलगी मानधन देऊन नेमा. मोठी प्रशिक्षणं सुट्टीत घ्यायची असतील तर शिक्षकांना बदली रजा द्या, फुकट राबवू नका.

आणि हे मागायचं कुठे? शाळा व्यवस्थापन समितीत. कायद्याने तिथे तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला. आपल्यातले किती जण बैठकीला जातात? सही मागायला मूल घरी येतं आणि आपण न वाचता सही करतो. मशिदीच्या कमिटीसाठी आपण रात्र रात्र भांडतो. त्यातली एक संध्याकाळ शाळेला द्यायला काय हरकत आहे?

१० ऑक्टोबर १८५६ चं सावित्रीबाईंचं एक पत्र आहे. आजारपणामुळे त्या माहेरी नायगावला होत्या. पुण्यात आपल्या माघारी सगळं काम फातिमावर पडत असेल, याची काळजी त्यांनी जोतीरावांना कळवली आहे. एक शिक्षिका शाळेबाहेर होती आणि आपल्या वाटचं ओझं कुणाच्या खांद्यावर गेलं हे तिला ठाऊक होतं. तिने त्या व्यक्तीचं नाव घेतलं.

आज शिक्षण परिषदेच्या दिवशी ते ओझं चौदा वर्षांच्या मुलीच्या खांद्यावर जातं. पण तिचं नाव कुठल्याच अहवालात नाही. पुढच्या परिषदेत विषयपत्रिकेवर एक ओळ वाढवा: आज आपण इथे बसलो आहोत तेव्हा मुलं कुठे आहेत आणि त्यांना कोण सांभाळतं आहे? या ओळीचं उत्तर प्रामाणिकपणे लिहिलंत, तर आपाला कॅलेंडरवर खुणा कराव्या लागणार नाहीत.