सुटलेल्या गोळीची छाया

गेल्या महिन्यांत एके सायंकाळीं आमचा नातू हातांत फोन घेऊन आमच्याजवळ येऊन बसला व म्हणाला, "आजोबा, पिस्तूल उडतांना कसें दिसतें तें बघा." आमच्या वडील वहिनी शेजारींच वाती वळीत बसल्या होत्या. दिवेलागणीच्या वेळीं घरांत बंदुका कशाला, ही त्यांची तक्रार आम्हांस सर्वस्वीं गैर वाटली नाहीं. तरी तें मंदगति चित्रण आम्हीं एकवार पाहिलें आणि, खरें सांगावयाचें तर, मग आणखी दोन वेळां मागून घेतलें.

ज्या वाचकांनीं असलें चित्रण पाहिलें नसेल त्यांच्याकरितां थोडें वर्णन करतों. नळीच्या तोंडांतून प्रथम गोळी बाहेर येत नाहीं. तिच्याआधीं नळींतील हवा व निसटलेला थोडा वायु बाहेर पडतो. मग गोळी डोकावते, आणि तिच्यामागून दारूचा वायु इतक्या जोरानें उसळतो कीं क्षणभर तो गोळीलाही गांठून पोटांत घेतो. पुढें तो पसरून मंदावतो व गोळी त्या धुरांतून एकटीच निघून जाते. पिस्तुलाचा वरचा पोलादी भाग सपाट्यानें मागें सरकतो तो बहुतेक गोळी गेल्यावर. आणि उडविणाऱ्याच्या हातावरील कातडी लहरते, तळ्यांत खडा पडावा तशी, ती त्याच्याही नंतर. ज्याला आपण एक 'ठो' म्हणतों त्याच्या पोटांत एवढा पूर्वापरक्रम भरलेला असतो!

रायफलीची गोळी सेकंदास ९०० मीटर जाते असें धरूं. चित्रपटाचा नेहमींचा कॅमेरा सेकंदास २४ चित्रें घेतो. तेव्हां एका चित्रापासून दुसऱ्यापर्यंत गोळी साडेसदतीस मीटर गेलेली असेल, म्हणजे ती सांपडण्याची आशाच नको. सेकंदास एक लाख चित्रें घेणाऱ्या कॅमेऱ्यांत मात्र ती दोन चित्रांमध्यें अवघी ९ मिलिमीटर सरकते. तीं लाख चित्रें सेकंदास २५ या बेतानें दाखवूं गेल्यास त्या एका सेकंदाला एक तास, सहा मिनिटें व चाळीस सेकंद लागतील. त्रैराशिक शिकवितांना हें उदाहरण आमच्या हातीं असतें तर मागच्या बांकावरील मुलेंही जागीं राहिलीं असतीं.

भास्कराचार्यांनीं सिद्धान्तशिरोमणींत निमेषाचा तिसावा भाग ती तत्परा व तत्परेचा शतांश ती त्रुटि, असे कालाचे भाग पाडले आहेत. हिशेब केला तर त्रुटि म्हणजे सेकंदाचा ३३,७५० वा भाग येतो. तेवढ्यांत ही गोळी पावणेतीन सेंटिमीटरांहून किंचित् कमी, जवळजवळ स्वतःच्या लांबीइतकी, सरकते. यावरून आमच्याकडे पूर्वीं सर्व कांहीं होतें असें कोणी म्हणूं लागल्यास त्याला आमचा पाठिंबा नाहीं. कालाला नांव देणें निराळें आणि तेवढ्या कालांत काय घडलें तें डोळ्यांनीं पाहणें निराळें.

तें पाहण्याच्या एका थोर प्रयत्नाच्या मुळाशीं कौतुक नव्हतें, भयंकर आरोप होता. १८६८ सालीं सेंट पीटर्सबर्ग येथें कित्येक राष्ट्रांनीं ४०० ग्रॅमांहून हलकीं स्फोटक अस्त्रें आपसांतील युद्धांत वापरूं नयेत असें ठरविलें. दोनच वर्षांनीं फ्रान्स व प्रशिया यांचें युद्ध जुंपलें. जखमी सैनिकांच्या अंगांत खळग्यासारख्या जखमा आढळूं लागल्या, आणि फ्रेंचांच्या नव्या शासपो रायफलीचे आवाजही एकाऐवजीं दोन ऐकूं येत. फ्रेंच वचन मोडून स्फोटक गोळ्या झाडतात असा बोभाटा झाला. मेल्सेन्स नांवाच्या बेल्जियन शास्त्रज्ञानें निराळेंच सुचविलें: गोळी आपल्यापुढें दाबलेली हवा घेऊन शरीरांत शिरते व ती हवाच हा अनर्थ करते.

१८८१ सालीं पॅरिसांत त्याचें व्याख्यान प्राग येथील प्राध्यापक अर्न्स्ट माख यांनीं ऐकलें. गोळीपुढची हवा दिसल्याशिवाय खऱ्याखोट्याचा निवाडा होणार नव्हता, आणि हवा तर डोळ्यांना दिसत नाहीं! परंतु तापलेल्या पत्र्यावरची हवा थरथरतांना आपण पाहतोंच. दाट व विरळ हवेंतून प्रकाश निरनिराळा वळतो, त्याचा हा परिणाम. त्याच तत्त्वावर टॉप्लर यांनीं बसविलेली भिंगांची योजना माख यांनीं घेतली. त्यांच्या पहिल्या गोळ्या ध्वनीहून मंद होत्या; चित्रांत कांहींच उमटलें नाहीं. तेव्हां त्यांनीं फ्यूमे (आतांचें क्रोएशियांतील रिएका) येथील आरमारी विद्यालयांतील प्राध्यापक पीटर साल्खर यांस पत्र लिहिलें. १८८६ सालीं साल्खर यांनीं अंधाऱ्या खोलींत वेगवान गोळी झाडली व तिच्या मार्गांत अशी योजना केली कीं विजेची ठिणगी गोळीनेंच पाडावी. त्या ठिणगीच्या उजेडांत छाया उमटली: टोकाशीं, नावेपुढें पाणी दुभंगावें तशी, कोनाकृति लाट, आणि पाठीमागें भोंवऱ्यांची रांग. व्हिएन्नाच्या विद्वत्सभेपुढें हें काम १८८७ सालीं सविस्तर प्रसिद्ध झालें.

दोन आवाजांचें कोडें सुटलें. एक आवाज या लाटेचा, दुसरा नळीशीं पेटलेल्या दारूचा. मेल्सेन्सची कल्पनाही टिकली नाहीं. कारण ती लाट म्हणजे गोळीनें वाहून नेलेला हवेचा गोळा नव्हे, ती प्रत्येक क्षणीं नव्या हवेंतून उठत असते. जखमेचें उत्तर पुढच्या काळांतील शीघ्रचित्रणानें दिलें. जिलेटिनाच्या ठोकळ्यांतून गोळी जातांना तिच्या जाडीच्या कित्येक पट पोकळी फुगते आणि सेकंदाच्या अल्पांशांत मिटते. साधी भरीव गोळीही आंत असा उत्पात करूं शकते. तेव्हां केवळ जखम पाहून कोणास वचनभंगी ठरवितां येत नव्हतें. अमेरिकेंत हॅरॉल्ड एजर्टन यांनीं १९६४ सालीं सफरचंदांतून पार होणाऱ्या गोळीचें चित्र घेतलें, तें जगप्रसिद्ध आहे. सुंदर आहे, यांत शंका नाहीं; परंतु फ्यूमेची ती अंधुक छाया आम्हांस अधिक मोलाची वाटते.

हें सर्व आम्हीं नातवाला सांगत होतों. वहिनी वाती वळतां वळतां ऐकत असाव्यात. त्यांनीं मध्येंच विचारलें, "काय हो भावजी, ज्याला ती गोळी लागली, त्याला त्या दोहोंतला कोणता आवाज आधीं ऐकूं येत असेल?"

गोळी आवाजाच्या पुढें असते, असें आम्हीं सांगितलें. नातवानें फोन खालीं ठेवला.